दिवा लागला ना? मग झालं!

नेटवर्कची वायर ओढायला आलेल्या माणसाला काही विचारून बघा, उत्तर ठरलेलं असतं. "साहेब, रंगांचं काय घेऊन बसलात? दोन्हीकडे सारखं आहे ना, मग झालं! हे बघा, दिवे लागले." आणि आपण मुकाट्याने पैसे काढून देतो. मंडळी, माझं भांडण नेमकं या 'झालं'शी आहे.

ती वायर जरा सोलून बघा. आत आठ तारा दिसतील, पण सुट्या नाहीत, एकमेकींना पीळ घातलेल्या चार जोड्या. हा पीळ शोभेचा नाही. आजूबाजूच्या विजेचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच चढतो. पलीकडचं यंत्र त्या दोघींमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे गोंगाट आपोआप वजा होतो. ग्रॅहम बेलने पीळ घातलेल्या जोडीचं पेटंट १८८१ सालीच घेतलं होतं. म्हणजे कालपरवाचं खूळ नव्हे.

आता खरी मेख. १०० मेगाबिटच्या इथरनेटला एक जोडी लागते पिन १-२ वर आणि दुसरी ३-६ वर. हो, ३-४ नाही, ३-६! म्हणून तर तो क्रम विचित्र वाटतो: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आमचे कारागीर मात्र जोडीशेजारी जोडी बसवून मोकळे होतात. मग ३ ची तार एका जोडीतली, ६ ची दुसऱ्या. पीळ गेला फुकट. पण स्वस्तातला टेस्टर बघतो काय, तर या टोकाची तार त्या टोकाला पोचली की नाही, एवढंच. तो आठही दिवे लावतो. हबवरचाही लागतो. (हल्ली मिळतात ते स्विच, पण आपल्या तोंडी अजून हबच!)

पाच मीटरच्या तुकड्यात हे खपून जातं. जिन्यातल्या डब्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत नाही खपत. आमच्या इमारतीतल्या एका काकू परदेशातल्या लेकीशी बोलताना दर दोन मिनिटांनी चित्र गोठायचं. वायरवाल्याने येऊन दिवे दाखवले आणि निदान केलं, "आजींना जमत नाही." घरच्यांनाही पटलं! काकूंनी मग फोन करणंच कमी केलं. शेवटी मी दोन्ही टोकं कापून नवीन प्लग योग्य क्रमाने बसवले. काकूंना सगळं जमायला लागलं :)

राग येतो तो याचा. चूक तारेची आणि बोल म्हाताऱ्या माणसाला.

"वायफायच्या जमान्यात वायर कशाला?" असं विचारणाऱ्यांनी आपला वायफायचा डबा कशाला जोडलाय ते एकदा बघावं. आणि सगळं खापर कारागिरावर फोडणंही बरोबर नाही. त्याला कुणी शिकवलं नाही, आणि आपण फॉल्स सीलिंगवर लाख उधळून त्याच्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. योग्य क्रमाला जादा खर्च शून्य आहे. प्लग तोच, वेळही तेवढाच.

तेव्हा पुढच्या वेळी काका, मामी, सगळ्यांनीच पैसे देण्याआधी दोन गोष्टी तपासा. प्लगच्या पारदर्शक तोंडातून रंगांचा वरचा क्रम दिसतोय का, आणि प्लगपाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकललेला नाही ना? नसेल बरोबर, तर टोक कापून पुन्हा बसवायला लावा. तो कुरकुरेल. कुरकुरू दे.