घाई तुला आहे, तिला नाही!

दोस्तांनो, महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी घोड्यावरून फेरी मारून आलेल्या एका मित्रानं विचारलंय, "मी लगाम ओढओढ ओढला, टाचा मारल्या, तरी घोडा जागचा हलेना. घोडेवाल्या काकांनी नुसतं 'च्‌ च्‌' केलं आणि निघाला की दुडक्या चालीनं! काका काय जादू करतात?"

अरे राजा, लगाम ओढणं म्हणजे 'थांब' आणि टाच मारणं म्हणजे 'चल'. तू दोन्ही एकदमच सांगत होतास! बिचाऱ्यानं करायचं काय? पण जादूचं विचारलंस म्हणून एका घोडीची गोष्ट सांगतो.

मी तेव्हा नववीत होतो. सुट्टीत घोडेस्वारी शिकायला जायचो. शिकवायला घोडदळातून निवृत्त झालेले एक रिसालदारसाहेब होते, सातारकडचे. एक दिवस तिथं नवी घोडी आली, चांदणी. कपाळावर पांढरा ठिपका, बाकी सगळी काळीभोर. पण माणूस दिसला की कोपऱ्यात जाऊन पाठ करून उभी राहायची. आधी कुणीतरी तिचा उजवा कान पिरगाळून तिला लगाम चढवत असे म्हणे. कानाजवळ हात गेला की ती मागच्या पायांवर उभी! मालकानं सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत सुधारली तर ठीक. नाहीतर विकून टाकणार." अशा घोडीला कोण घेणार आणि तिचे काय हाल होणार, हे आम्हा मुलांनाही कळत होतं.

मला वाटलं, आता साहेब दोरखंड काढणार, चाबूक काढणार. कसलं काय! त्यांनी बादली पालथी घातली, कुंपणाच्या आत तिच्यावर बसले आणि वर्तमानपत्र वाचायला लागले. चांदणीकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी चांदणी हळूहळू मागून आली, पेपर हुंगला आणि जोरात फुरफुरली. साहेबांनी काय करावं? उठले आणि चालू लागले!

"अहो साहेब, ती आली होती ना जवळ!"

"आली, म्हणून तर गेलो. जवळ आलं तरी हा माणूस धरत नाही, एवढं तिला कळलं. आजच्या दिवसाला रग्गड झालं."

घोडा एवढा दांडगा प्राणी, पण स्वभावानं भित्रा. रानात त्याची शिकार व्हायची, त्यामुळं आधी पळायचं आणि मग विचार करायचा ही त्याची रीत. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं. म्हणून घोड्याच्या मागून कधीही जायचं नाही, हं! खांद्याच्या बाजूनं जायचं, बोलत बोलत. कान तुमच्याकडे वळले तर तो ऐकतोय. कान मानेवर चपट बसवले, तर गुपचूप मागं फिरा.

आठवड्याभरानं साहेब तिच्या मानेवर हात ठेवू लागले. हात कानाकडे सरकायचा. ती क्षणभर स्थिर राहिली की लगेच खाली. ती दचकली, तर हात आहे तिथंच अलगद राहायचा. ओढायचा नाही, दाबायचा नाही. ती शांत झाली की मग काढायचा. यातच सगळं गुपित आहे. घोडा शिकतो तो आपण जोर लावतो तेव्हा नाही, तर जोर सोडतो तेव्हा. शाळा सुटल्याची घंटा झाली की तुम्हाला कसं वाटतं? तसंच! पण ही घंटा अचूक वेळी वाजली पाहिजे. ती उसळी मारत असताना हात काढला, तर 'उसळी मारली की सुटका' हा धडा ती पक्का करणार.

आणि इथं मी घोळ घातला. एका सकाळी साहेब यायच्या आधी, मित्रांपुढं शान मारायला, मी चांदणीची मोरकी पकडली आणि दुसरा हात सरळ कानाला लावला. तिनं असा हिसडा दिला की दोरीनं माझा तळवा सोलून निघाला. साहेब धावत आले. आधी त्यांनी तिचं तोंड तपासलं, मग माझा हात! रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "घाई तुला आहे, तिला नाही." पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात. बादली पुन्हा पालथी झाली. पण या वेळी तिच्यावर मला बसवलं.

शिकंदराची गोष्ट त्यांनी तेव्हाच सांगितली. ब्युसेफॅलस नावाचा घोडा कुणालाच अंगाला हात लावू देईना. पोरसवदा शिकंदराच्या ध्यानात आलं, की हा आपल्याच सावलीला बुजतोय. त्यानं घोड्याचं तोंड सूर्याकडे वळवलं, सावली मागं गेली. मग त्याला थोपटलं आणि अलगद वर बसला. प्लुटार्कनं ही हकिगत लिहून ठेवली आहे. तोच घोडा त्याला थेट आपल्या झेलमपर्यंत घेऊन आला. इ. स. पूर्व ३२६ मध्ये पोरसाशी झालेल्या लढाईनंतर तो मेला, तेव्हा शिकंदरानं त्याच्या नावानं शहर वसवलं.

मला काही शहर वसवायचं नव्हतं! चांदणीनं माझ्याकडे पाहावं, एवढंच हवं होतं. रोज खरारा करायचो, चंदी घालायचो आणि बादलीवर बसून भूगोलाचं पुस्तक वाचायचो. अकराव्या दिवशी पुस्तकाचा कोपरा ओला लागला. चांदणी चघळत होती. मी उठलो आणि चालू लागलो. फार जड गेलं हो! पण मागं टापा वाजल्या. ती माझ्या मागोमाग येत होती.

वसुबारसेच्या दिवशी मालक आले. साहेबांनी लगाम माझ्या हातात दिला. माझा हात थरथरत होता. चांदणीनं मान खाली घातली आणि तोंड उघडलं. कानावरून पट्टा सरकवताना तिच्या अंगावर शहारा आला, मी थांबलो, ती थांबली, मग पट्टा बसला. मालक काही बोलले नाहीत. पण चांदणी तिथंच राहिली.

उजव्या कानाला मात्र तिनं शेवटपर्यंत साहेबांना आणि मला सोडून दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आणि ते भूगोलाचं पुस्तक? त्याचा कोपरा कुणी खाल्ला, यावर आमच्या बाईंचा काही केल्या विश्वास बसला नाही.