फौजी काकांच्या हातात माईक द्या

आपल्याकडं फौजी म्हटलं की कारगिल आणि सियाचीन. समुद्रातल्या तळावर काढलेल्या नोकरीचं कुणी विचारतच नाही.

आमच्या गल्लीत हवाई दलातून रिटायर झालेले एक काका आहेत. मूळ गाव औसा तालुक्यातलं. 1993 ला गणपतीसाठी सुट्टीवर आले आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप बघितला. 2004 ला पोस्टिंग कार निकोबारला. पोर्ट ब्लेअरपासून सुमारे 270 किलोमीटर, चहूकडं पाणी. "नारळ मोप, पण ज्वारीची भाकर स्वप्नात यायची," म्हणतात.

26 डिसेंबरचा रविवार. सकाळी जमीन हलली. काका बायको-लेकरांना घेऊन लगेच बाहेर पळाले. "घराबाहेर पळायचं हे किल्लारीनं शिकवलं होतं. मागून समुद्र येतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं." कसेबसे वाचले. तळावरचे शंभराहून अधिक जवान आणि घरचे लोक गेले. तरी उरलेल्या धावपट्टीवर त्याच दिवशी मदतीची विमानं उतरली.

वीस वर्षं झाली, हे त्यांना कुठल्या शाळेनं विचारलं नाही. 26 जानेवारीला आपण शाल-नारळ देतो आणि भाषण पुढाऱ्याचं ऐकतो. शाल नसली तरी चालेल, दहा मिनिटं माईक त्यांना द्या. पोरांकडं मोबाईल आहेतच, रेकॉर्ड करा. नांदेड-लातूरच्या गावोगावी असे काका आहेत. ते गेल्यावर कुणाला विचारणार?