एका शेताच्या तीन नोंदी

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील दोन तालुके. भातशेती, वरकस जमीन आणि डोंगरपायथ्याच्या ठाकर-कातकरी वाड्या एवढीच त्यांची ओळख एकेकाळी होती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, शहरी माणसाची शेतघराची हौस, २०१३ मध्ये अधिसूचित झालेले ‘नैना’ क्षेत्र आणि पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गासाठीचे भूसंपादन यांनी ती पालटून टाकली. जमिनीचा भाव वाढला की तिच्या कागदाचाही भाव वाढतो. त्यामुळे या दोन तालुक्यांत आज सर्वात मोलाचा दस्तऐवज कोणता, या प्रश्नाचे उत्तर एकच आहे : सातबारा.

हा सातबारा आता संगणकावर आला आहे. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात उपलब्ध झाला आणि उताऱ्यासाठी तलाठ्याच्या सज्जावर (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) घालाव्या लागणाऱ्या खेपा बऱ्याच अंशी संपल्या. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. मात्र तिच्यामुळे प्रश्नाचे स्वरूप बदलले. पूर्वी ‘उतारा कधी मिळेल’ असे विचारले जाई. आता ‘मिळालेला उतारा बरोबर आहे का’ असे विचारावे लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे नोंदीत चूक असेल, तर तीही तोवर खरीच मानली जाणार! ती खोटी ठरविण्याचा भार ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच डोक्यावर येतो.

विखुरलेली माहिती

चूक शिरते कोठून, हे समजण्यासाठी एका शेताची माहिती किती ठिकाणी राहते ते पाहावे लागेल. जमीन विकली गेल्याचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदला जातो. त्या जमिनीचा धारक कोण, हे सांगणारा अधिकार अभिलेख महसूल यंत्रणेकडे असतो. आणि ती जमीन प्रत्यक्षात कोठून कोठपर्यंत आहे, हे सांगणारा नकाशा व मोजणीचे अभिलेख भूमी अभिलेख खात्याकडे असतात. शेत एक, नोंदी तीन. या तिन्ही एकमेकींशी जुळतातच असे नाही. कोकणात वाटण्या होत होत सातबाऱ्यावर हिस्से पडले, पण अनेक ठिकाणी त्या पोटहिश्शांची मोजणी होऊन ते नकाशावर उतरलेच नाहीत. कागदावर पाच गुंठे स्वतंत्र आहेत. बांधावर उभे राहून ते दाखवायचे म्हटले तर दाखवता येत नाहीत.

संगणकशास्त्रात या दुखण्याला वेगळे नाव आहे. एकच माहिती अनेक यंत्रांवर ठेवली जाते अशा व्यवस्थेला विखुरलेला म्हणजे ‘डिस्ट्रिब्युटेड’ डेटाबेस म्हणतात. कॅलिफोर्नियातील संशोधक एरिक ब्रुअर यांनी २००० मध्ये अशा व्यवस्थेची एक मर्यादा मांडली आणि २००२ मध्ये सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी तिची गणिती सिद्धता दिली. यंत्रांमधील संपर्क तुटला की दोहोंपैकी एकच गोष्ट साधता येते : एक तर सर्वत्र एकच उत्तर मिळेल याची हमी द्यायची आणि त्यासाठी ग्राहकाला थांबवून ठेवायचे, नाही तर तात्काळ उत्तर द्यायचे आणि ते शिळे असण्याचा धोका पत्करायचा. दोन्ही एकदम मिळत नाही.

तलाठ्याच्या दप्तराने हा पेच कितीतरी आधी ओळखला होता. खरेदीखत झाले की सातबाऱ्यावरचे नाव लगेच बदलत नाही. फेरफार नोंदवहीत नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवले जातात आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच नवे नाव चढते. हा विलंब म्हणजे आळस नव्हे. ज्याचा हक्क जाणार त्याला बोलण्याची दिलेली ती संधी आहे. परंतु त्या काळात दस्त एक सांगतो आणि सातबारा दुसरेच. जुन्याच नावाचा उतारा दाखवून तीच जमीन दुसऱ्याला विकण्याचे प्रकार होतात ते याच फटीतून. पहिला नोंदणीकृत दस्त कायद्याने वरचढ ठरतो खरा, पण ते ठरेपर्यंत दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजतात. ई-फेरफार प्रणालीने दुय्यम निबंधकाकडील दस्ताची माहिती थेट महसुली दप्तराकडे जाऊ लागली, तेव्हा ही फट अरुंद झाली. बुजली मात्र नाही.

चूक झाकणारे आणि चूक मांडणारे

माहिती विखुरली की दोष येणारच, हे गृहीत धरून दुरुस्तीचे शास्त्र उभे करण्याचे काम गेल्या दोन दशकांत मुक्तस्रोत म्हणजे ‘ओपन सोर्स’ डेटाबेसच्या जगाने केले. या डेटाबेसची संगणकीय आज्ञावली कोणालाही वाचता येते, तपासता येते आणि तिच्यात दुरुस्ती सुचविता येते. त्या जगातील तीन प्रसंग येथे उद्बोधक ठरतात.

पहिला प्रसंग ३१ जानेवारी २०१७ चा. गिटलॅब या कंपनीतील एका तंत्रज्ञाने रात्री काम करताना चुकून मुख्य डेटाबेसचीच माहिती पुसून टाकली. माहितीच्या प्रती ठेवण्याच्या पाच पद्धती कागदावर होत्या. ऐनवेळी त्यांतील एकही धड चालत नाही असे आढळले. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. कंपनीने हे लपविले नाही. दुरुस्तीचे काम चालू असतानाच त्याची टिपणे जगासमोर ठेवली आणि चूक एका माणसावर ढकलण्याऐवजी पद्धतीतील उणीव शोधली. दुसरा प्रसंग २१ ऑक्टोबर २०१८ चा. गिटहब या कंपनीच्या दोन केंद्रांमधील संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी झाल्या आणि त्या जुळविण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. सेवा लवकर पूर्ववत करण्यापेक्षा माहिती बिनचूक राखणे महत्त्वाचे, असा निर्णय कंपनीने जाणीवपूर्वक घेतला आणि तो का घेतला हेही जाहीर केले.

तिसरा प्रसंग अधिक सूक्ष्म आहे. पोस्टग्रेएसक्यूएल हा जगभर विश्वासार्ह मानला जाणारा मुक्तस्रोत डेटाबेस. डिस्कवर लिहिण्यात अडचण आली तर पुन्हा प्रयत्न करावा आणि तो यशस्वी झाला की माहिती सुरक्षित आहे असे समजावे, हे त्याचे वर्षानुवर्षांचे गृहीतक होते. काही कार्यप्रणालींवर हे गृहीतक चुकीचे ठरते आणि माहिती गुपचूप गहाळ होऊ शकते, असे २०१८ मध्ये लक्षात आले. त्यावर उघड चर्चा झाली आणि फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्तीत दुरुस्ती आली. ती दुरुस्ती अशी, की शंका आली तर डेटाबेसने ‘सर्व ठीक आहे’ असे सांगण्याऐवजी स्वतः थांबावे आणि आपल्या नोंदवहीवरून माहिती पुन्हा उभी करावी. दोष उघड झाला म्हणून विश्वास उडाला नाही. उलट तो वाढला.

फेरफाराचे मोल

ही नोंदवही म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. बहुतेक डेटाबेस केलेला बदल आधी एका क्रमवार वहीत लिहितात आणि मग मूळ माहितीत उतरवितात. यंत्र कोसळले तर वही वाचून सद्यःस्थिती पुन्हा उभी करता येते. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, नेमकी हीच आहे. सातबारा आजची स्थिती दाखवितो. ती तशी का आहे, हे फेरफार सांगतो. म्हणूनच जमीन घेणारा जाणकार माणूस केवळ चालू उताऱ्यावर विसंबत नाही. तो जुने फेरफार काढून नाव कोठून कसे आले याची साखळी जुळवितो. राज्यात जुने अभिलेख स्कॅन करून ठेवण्याचे जे काम झाले, त्याचे महत्त्व दिसते त्याहून मोठे आहे ते यामुळेच.

हस्तलिखित सातबारे संगणकावर घेताना चुका झाल्या हे शासनालाही मान्य होते. राज्यात सातबारे सुमारे अडीच कोटी. त्यांत नावे चुकली, एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज जुळेना, ‘इतर हक्क’ रकान्यातील शेरे गळाले. त्यांच्या दुरुस्तीसाठी प्रणालीत खास सोयी केल्या गेल्या, न जुळणाऱ्या सातबाऱ्यांचे अहवाल संगणकच काढू लागला आणि २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातील नोंद मोठ्याने वाचायची आणि ती बरोबर की चूक हे गावाने सांगायचे. मुक्तस्रोत जग ज्याला उघड तपासणी म्हणते, तिचे हे अस्सल मराठी रूप होय.

कर्जत-खालापूरसारख्या भागात गळालेल्या एका शेऱ्याची किंमत किती असते, हेही पाहिले पाहिजे. संहितेत १९७४ मध्ये आलेल्या कलम ३६ अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकण्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि शासनाची पूर्वमान्यता लागते. हे बंधन सांगणारा शेरा उताऱ्यावरून गेला, तर कायदा बदलत नाही. पण खरेदीदाराला धोका दिसत नाही आणि वाडीतील माणसाला आपली जमीन हातची गेल्याचे फार उशिरा कळते. कुळाचा शेरा, वारसाचे नाव, भोगवटादार वर्ग दोनची नोंद यांचेही तसेच. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. कुटुंबेच्या कुटुंबे जातात तेव्हा मागे उरलेल्याचे नाते सिद्ध करण्यासाठी सरकारी नोंदच आधाराला असते. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी शासनाला २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घ्यावी लागली, यावरून अशा नोंदी किती काळ तशाच पडून होत्या याची कल्पना येते.

दुरुस्तीचीही तपासणी हवी

अर्थात दुरुस्तीचा अधिकार हे दुधारी शस्त्र आहे. संहितेचे कलम १५५ लेखनप्रमादाच्या दुरुस्तीपुरतेच आहे. त्याच्या आडून हक्कच बदलला गेला, तर दुरुस्ती हीच नवी चूक ठरते. डेटाबेसच्या जगात यावर साधा नियम आहे : जुने खोडायचे नाही, नवे खाली लिहायचे, कोणी आणि का बदलले ते सोबत नोंदवायचे आणि तोच दोष पुन्हा शिरला तर पकडणारी चाचणी कायमची बसवायची. अमेरिकेतील काइल किंग्सबरी यांनी २०१३ पासून ‘जेप्सन’ या चाचण्यांद्वारे अनेक नामांकित डेटाबेसचा संपर्क मुद्दाम तोडून त्यांचे दावे पारखले आणि त्यांतील दोष जाहीर केले. निर्मात्यांनी आधी कुरकुर केली असेल-नसेल, पुढे अनेकांनी आपणहून ही परीक्षा मागून घेतली.

आपल्याकडे असे काय करता येईल? न जुळणाऱ्या सातबाऱ्यांचा अहवाल संगणक काढतोच. तो गावनिहाय प्रसिद्ध करता येईल. कलम १५५ खालील प्रत्येक आदेश, जुनी नोंद आणि नवी नोंद शेजारी शेजारी ठेवून दाखविता येईल. चावडी वाचन ही एकदाची मोहीम न राहता वार्षिक प्रथा होऊ शकेल. दस्त, अभिलेख आणि नकाशा या तिन्ही नोंदी परस्परांशी ताडून पाहणारी चाचणी ठरावीक काळाने चालविता येईल. ‘सर्व्हर बंद आहे’ हे वाक्य ऐकून वाडीतला मजूर दिवसाची मजुरी बुडवून परततो, तेव्हा सेवा का व किती वेळ बंद होती हे लेखी सांगण्याचे बंधनही घालता येईल. यातील काहीही अशक्य नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून आलेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाची नोंद करतो आणि ती ४८ तासांत दुरुस्त करण्याची मुभाही त्याला मिळाली. पिकाच्या बाबतीत जो विश्वास दाखविला, तो मालकीच्या बाबतीत निदान तपासणीपुरता तरी दाखवावयास हरकत नसावी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. चुका उघड्यावर मांडल्या तर गैरहजर मालकांच्या आणि निरक्षर वारसांच्या जमिनी हेरणाऱ्या दलालांचेच फावेल, अशी भीती व्यक्त होते. ती निराधार नाही. पण सातबारा आजही कोणालाही पाहता येतो आणि दलालाला त्यातील खाचाखोचा आधीपासून ठाऊक असतात. ठाऊक नसतात त्या ज्याची जमीन आहे त्यालाच. माहितीची ही विषमता झाकून ठेवल्याने कमी होत नाही. अहवालासोबत संबंधित खातेदाराला सूचना देण्याची सक्ती केली, तर काही अंशी कमी होते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय प्रणालींसाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. परवान्याचा खर्च वाचविणे एवढाच त्याचा अर्थ घेतला, तर त्यातील मोलाचा भाग हातून निसटेल. मुक्तपणा हा सॉफ्टवेअरचा गुण असण्यापेक्षा ते सांभाळणाऱ्या संस्थेचा स्वभाव असावा लागतो.

निर्दोष अभिलेख जगात कोठेही नाही आणि कर्जत-खालापुरातही असणार नाही. नागरिकाने शासनाकडे मागावयाचे ते निर्दोषत्व नव्हे. चूक किती दिवसांत सापडते, ती कोण दुरुस्त करतो आणि दुरुस्तीचा माग राहतो की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याने मागितली पाहिजेत. डोंगरपायथ्याच्या वाडीतील दहा गुंठ्यांचे भवितव्य या उत्तरांवर अवलंबून आहे. आणि त्याच वाडीशेजारी शेतघराचे स्वप्न पाहणाऱ्या शहरी खरेदीदाराचेही.