तूप, तेल आणि वर्गणीचा फलक

मराठी घरातला व्हॉट्सॲप ग्रुप असेल आणि त्यावर तुपावरून कधीच वाद झाला नसेल, असं होणं कठीण आहे. एक काका लिहितात, साजूक तूप म्हणजे अमृत. आत्या एका डॉक्टरांचा व्हिडिओ पाठवते, त्यात तूप विष असतं. मग कुणीतरी करडईच्या तेलाचा झेंडा घेऊन उतरतं आणि शेवटी "शुभ सकाळ"चं फूल येऊन वाद मिटतो. गंमत अशी की या वादाचा खरा अभ्यास करणारी माणसं आपल्याच शहरात बसलेली आहेत. उप्पलच्या रस्त्यानं आपण रोज त्यांच्या फाटकांवरून जातो.

तार्नाक्याला आयआयसीटी आणि राष्ट्रीय पोषण संस्था, पुढे हबसीगुड्याला सीसीएमबी. शहराच्या दुसऱ्या टोकाला, राजेंद्रनगरला, भारतीय तेलबिया संशोधन संस्था. एका शहरात तेलाचं बी, तेलाचं रसायन, तेलाचं पोषण आणि पेशीतल्या तेलाचं जीवशास्त्र, असा चारही बाजूंचा अभ्यास चालतो. हे एका दिवसात झालेलं नाही. आयआयसीटीची सुरुवात 1944 मध्ये, निजामाच्या राज्यात झाली. पोषण संस्था 1918 मध्ये कुन्नूरला सुरू झाली आणि 1958 मध्ये इथे आली. 1977 मध्ये सीसीएमबी सुरू झाली, तीही आधी आयआयसीटीच्या, म्हणजे तेव्हाच्या रीजनल रिसर्च लॅबोरेटरीच्या आवारात. तेलबियांची संस्थाही 1977 चीच. करडई हा त्यांच्या अभ्यासातला एक विषय, आणि करडई म्हटलं की आपला मराठवाडा आलाच. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, हे आपल्या आजी-आजोबांना कुणी सांगायला लागत नाही.

भारतीय खाद्यसंस्कृतीवरच्या पुस्तकांमुळे के. टी. अचया हे नाव काहींना माहीत असेल. हे अचया मूळचे तेलाचे रसायनशास्त्रज्ञ. लिव्हरपूलला हिल्डिच या तेल-रसायनातल्या मोठ्या माणसाकडे शिकले आणि मग वीसेक वर्षं हैदराबादच्या त्याच प्रयोगशाळेत सरकी आणि एरंडीच्या तेलांवर काम केलं. आपल्या ताटाचा इतिहास लिहिणारा माणूस आधी तेलाचे रेणू मोजत होता, ते आपल्या तार्नाक्यात.

शास्त्रज्ञ या सगळ्या स्निग्ध पदार्थांना मिळून लिपिड म्हणतात. तेल, तूप, मेण, कोलेस्टेरॉल, सगळं त्यात आलं. आपल्या प्रत्येक पेशीची भिंतही लिपिडचीच. घरात कोलेस्टेरॉल खलनायक असतं, पण सीसीएमबीतल्या अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटानं दाखवलं की मेंदूतल्या सेरोटोनिनचा एक ग्राहक-रेणू नीट काम करायला पेशीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल लागतंच. क्षयाचा जंतू औषधांना सहज दाद देत नाही, त्यामागेही त्याचं मेणासारखं लिपिडचं कवच आहे. हे कवच बांधताना जंतू मेदाम्लांना कसं कामाला लावतो, हे दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेत राजेश गोखले यांच्या गटानं 2004 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. 2009 मध्ये त्याच विषयावर सीसीएमबीच्या राजन शंकरनारायणन यांच्याबरोबर पुढचा निबंध आला. एकाकडे जीवरसायन, दुसऱ्याकडे रेणूची त्रिमितीय रचना पाहण्याची हातोटी. कोविडच्या एमआरएनए लशीही लिपिडच्या बारीक गोळ्यांत भरून दिल्या गेल्या.

ही माणसं एकमेकांना भेटतात ती परिषदांमध्ये. छापून आलेला निबंध कुणीही घरी वाचतो. पण फसलेला प्रयोग, अर्धवट आकडे, "हे असं का होतंय कळत नाही" हे बोलणं चहाच्या रांगेत होतं. आणि चहाला पैसे लागतात.

ढोबळ हिशेब मांडून बघू. आकडे माझे, फक्त अंदाज यावा म्हणून. समजा हैदराबादेत तीन दिवसांची लिपिड परिषद आहे, 150 माणसं. जेवण-चहा दिवसाला माणशी 1,000 रुपये, म्हणजे साडेचार लाख. परदेशातून पाच वक्ते, येण्या-राहण्याचे माणशी एक लाख, म्हणजे पाच लाख. सभागृह, छपाई, बस, किरकोळ मिळून साडेतीन लाख. आणि 40 विद्यार्थ्यांचं थ्री-टियरचं जाऊन-येऊन तिकीट आणि गेस्ट हाउस, माणशी 5,000, म्हणजे दोन लाख. एकूण 15 लाख. फी देणारे 90 जण, प्रत्येकी 4,000, म्हणजे 3 लाख 60 हजार. उरलेले सुमारे साडेअकरा लाख कुणीतरी द्यायचे असतात.

काही सरकार देतं. जैवतंत्रज्ञान विभाग, सीएसआयआर, आयसीएमआर यांच्याकडे अर्ज करता येतो. (वर उल्लेख आलेले गोखले 2021 मध्ये याच जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले.) बाकीचं प्रायोजकांकडून येतं: यंत्रं विकणारे, रसायनं विकणारे, औषध कंपन्या, तेल कंपन्या. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. आमच्या परिषदांत प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर असे प्रायोजक असतात. प्लॅटिनमला मोठा स्टॉल मिळतो आणि त्याच्या टी-शर्टवर आम्ही पुढची दोन वर्षं झोपतो. फार तर काय होईल, एखादं टूल गरजेपेक्षा भारी वाटेल.

खाण्यापिण्याच्या विज्ञानात मात्र एवढ्यावर भागत नाही. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या शुगर रिसर्च फाउंडेशननं हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना 6,500 डॉलर दिले. हृदयविकारात साखरेचा दोष हलका आणि स्निग्ध पदार्थांचा दोष जड दिसेल असा आढावा त्यांनी लिहिला, मसुदे फाउंडेशनला आधी दाखवले. तो 1967 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला आणि पैसे कुणी दिले हे त्यात कुठेच नव्हतं. ही कागदपत्रं क्रिस्टिन कर्न्स या संशोधक बाईंनी शोधली. त्या मूळच्या दंतवैद्य. 2016 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं, म्हणजे जवळजवळ 50 वर्षांनी. जास्त चरबीचा धोका त्यामुळे खोटा ठरला, असं मात्र कुणी समजू नये. पण दोन पिढ्यांनी तुपाकडे संशयानं पाहिलं आणि साखरेकडे तेवढं पाहिलं नाही, यात त्या 6,500 डॉलरचा थोडा तरी हात आहे. मुद्दा पैसे घेण्याचा नाही, ते झाकण्याचा आहे.

आपल्याकडे नियम आता बरे झाले आहेत. मार्च 2024 च्या औषध-विपणन संहितेनुसार कंपन्यांनी डॉक्टरांच्या परिषदेच्या प्रवास-मुक्कामाचा खर्च करायचा नाही, डॉक्टर स्वतः वक्ता असेल तर वेगळं. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात, पण जाहिरातीच्या बदल्यात दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरत नाहीत. सार्वजनिक संशोधन संस्थेच्या कामाला दिलेला पैसा मात्र चालू शकतो. तुमच्या ऑफिसात सीएसआर समितीवर कुणी ओळखीचं असेल तर हा फरक त्याला सांगून ठेवा. लोगो हवा असेल तर पैसे मार्केटिंगच्या खिशातून येतील, विद्यार्थी हवे असतील तर दुसऱ्या खिशाचा विचार करता येईल.

विद्यार्थ्यांचं मुद्दाम म्हणतोय. वरच्या हिशेबात त्यांचा आकडा सर्वांत लहान आहे आणि पैसे कमी पडले की कापायला सर्वांत सोपाही तोच. जेवणातला एक गोड पदार्थ कमी केला तर तक्रार येते. न आलेला विद्यार्थी तक्रार करत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या किंवा नांदेडच्या विद्यापीठात लिपिडवर पीएचडी करणारी मुलगी अजिंठा एक्स्प्रेसनं रात्रीत इथे पोचू शकते. ती तीन दिवस इथे असली, तर ज्यांचे निबंध ती वाचते त्यांना तिला तोंडावर प्रश्न विचारता येतो. तिच्या 5,000 रुपयांवर कुठलीच तेल कंपनी आपलं नाव चिकटवायला धावत नाही. आणि म्हणूनच तो पैसा सर्वांत स्वच्छ.

पैसे कसे घ्यायचे आणि कसे दाखवायचे, हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. गणपतीच्या मांडवाशेजारी फलक असतो: कुणाचे 501, कुणाचे 5,001, कुणाकडून एक दिवसाचा प्रसाद. दहा दिवसांनी जमा-खर्च वाचला जातो आणि एखादे जोशी काका हात वर करून विचारतातच, "मंडपवाल्याला एवढे का दिले?" परिषदेच्या दारातही असाच एक फलक असावा, लोगोंच्या भिंतीऐवजी. कुणी किती दिले, कशासाठी दिले. मग एखाद्या तेलाची स्तुती करणारं भाषण ऐकताना श्रोत्याला फलक आठवेल आणि तो स्वतःच ठरवेल किती विश्वास ठेवायचा.

आपल्या मंडळाला 15 लाखांची परिषद पेलणार नाही, पेलायची गरजही नाही. पण यंदाच्या जमा-खर्चात "एक विद्यार्थी, तिकीट आणि मुक्काम, 5,000 रुपये" अशी एक ओळ बसू शकते. संस्था आपल्या रस्त्यावरच आहेत, चौकशीला उप्पलच्या बसनं जाता येईल. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. जोशी काकांचा प्रश्न येईलच, तेव्हा हिशेब तयार ठेवतोय.