एका फळावर चालणारं गाव

हापूसचा हंगाम सरला की बाजारात दशहरी दिसायला लागतो. तो कुठून येतो माहीत आहे? लखनौपासून साधारण २५ किलोमीटरवरच्या मलिहाबादच्या बागांतून. नगरपंचायतीचं हे छोटं गाव. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या २० हजारांच्या आतच. शायर जोश मलिहाबादी इथलेच आणि एकाच झाडावर ३००हून जास्त जातींच्या आंब्यांची कलमं करणारे पद्मश्री कलीमुल्ला खानही इथलेच.

नाव मोठं असलं तरी इथलं घरखर्चाचं गणित सोपं नाही. दशहरी एक वर्ष भरभरून येतो, पुढच्या वर्षी हात आखडता घेतो. पैसा मुख्यतः जून-जुलैत येतो. किराणा आणि शाळेची फी मात्र वर्षभर लागते. म्हणून बरेच बागवाले मोहोर पाहूनच बाग ठेकेदाराला देतात. रोकड लवकर मिळते, वादळाची धास्तीही टळते. पण भाव चढला तर फायदा ठेकेदाराचा.

अशा वेळी आधार असतो बायकांच्या सुईचा. या भागातल्या खेड्यापाड्यांत त्या घरी बसून चिकनकारी करतात. महागड्या कुर्त्याच्या किमतीत त्यांचा वाटा थोडाच, पण तो वर्षभर येत राहतो.

देवगड-रत्नागिरीच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. घरात कमावणारं माणूस एकच असलं की आपल्याला काळजी वाटते ना? गावाचंही तसंच असतं. यंदा दशहरी कापताना एवढं जरूर आठवा.