पुसले जाणारे चित्र



दिवाळीच्या सकाळी नरखेडच्या बाजारपेठेत दुकान उघडण्याआधी उंबरठ्याबाहेर रांगोळी पडते. दुपारपर्यंत ती गिऱ्हाइकांच्या पावलांनी पुसट होते आणि संध्याकाळी झाडूखाली जाते. जे टिकत नाही त्यावर वेळ का घालवावा, असा प्रश्न व्यापारी मनाला पडणे स्वाभाविक आहे. याच हिशेबाने अनेक दारांत आता प्लास्टिकची चिकटणारी रांगोळी आली आहे. एकदा चिकटवली की वर्षभराची निश्चिंती!

हा हिशेब मात्र तपासून पाहण्यासारखा आहे.

इटलीत रस्त्यावर खडूने अभिजात धाटणीची चित्रे काढणाऱ्या कलावंतांना ‘मादोन्नारी’ म्हणतात. मादोन्ना, म्हणजे येशूची माता मेरी, हिची चित्रे काढत ते जत्राजत्रांतून हिंडत. मांतोव्हाजवळच्या ग्राझिए गावी 1973 पासून ऑगस्टच्या मध्यास त्यांचा मेळा भरतो. रात्रभर खपून काढलेले चित्र पावसाच्या एका सरीने वाहून जाते, हे ठाऊक असूनही ते मन लावून काढतात. आपल्याकडे गुणवंत मांजरेकर यांनी रांगोळीच्या भुकटीतून हुबेहूब व्यक्तिचित्रे साकारली, तीही अशीच पुसली जाण्यासाठी.

आपल्या धर्मपरंपरेला तर ही गोष्ट मुळीच नवी नाही. देरासरात पाटावर अक्षतांचा स्वस्तिक काढतो, त्याच्या चार भुजा म्हणजे देव, मनुष्य, तिर्यंच आणि नरक या चार गती. वरच्या तीन ढिगल्या म्हणजे सम्यक् दर्शन, ज्ञान आणि चारित्र. त्याही वर चंद्रकोरीसारखी सिद्धशिला. तांदूळ पेरला तरी उगवत नाही, म्हणून तो पुनर्जन्मातून सुटकेचे प्रतीक. एवढा अर्थ भरलेली ही आकृती काही वेळाने आपणच मोडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढतो. दिगंबर परंपरेतील विधानाचे रंगीत मंडलही विधी संपल्यावर राहत नाही. बारा भावनांत अनित्य भावना पहिली आहे. तिचा पाठ आपण मुखाने म्हणतो, हाताने मात्र तो येथे गिरवतो.

टिकाऊ म्हणजे काय, हे आपल्या तालुक्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने मोवाड गाव उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे गेली. पक्की घरे, भरलेली दुकाने, पिढ्यांची मिळकत पाण्याखाली गेली. ताळेबंदात ज्याला आपण स्थावर म्हणतो, ते त्या दिवशी स्थावर राहिले नाही. पुढे गावाचे पुनर्वसन झाले. नव्या अंगणात पुन्हा रांगोळी काढायला लागतो तो सवयीचा हात आणि चिमूटभर भुकटी. आईकडून लेकीकडे आलेली कला पुरात वाहून जात नाही.

म्हणूनच रांगोळीवरील वेळ मला खर्च वाटत नाही. पुसली जाते, म्हणून ती रोज काढावी लागते. रोज काढावी लागते, म्हणून पुढच्या पिढीला शिकवावी लागते. चिकटवलेल्या नक्षीत शिकवण्यासारखे काही उरतच नाही.

एक विवेक तेवढा ठेवावा. रस्त्यावर पिठाची रांगोळी काढली तर मुंग्या येतात आणि पायदळी जातात. तेथे शिरगोळ्याची भुकटीच बरी. अक्षता पाटावर शोभतात.

येत्या महावीर जन्मकल्याणकाच्या शोभायात्रेसाठी एक सूचना करतो. प्रत्येक दुकानापुढचा दहा फूट रस्ता घरातील मुलामुलींच्या स्वाधीन करावा. स्वस्तिक, कलश, मत्स्ययुगुल, जे सुचेल ते त्यांनी काढावे; आजीने शेजारी बसून त्याचा अर्थ सांगावा. रथ पुढे गेल्यावर झाडूही त्याच मुलांच्या हाती द्यावा.