नवं खुशाल जुनं करा, जुन्याला घासू नका

मंडळी, इथे अमेरिकेत नवी कोरी फळी विकत आणून ती जुनी करण्याचा उद्योग जोरात चालतो. वीकेंडला लोक गराजमध्ये बसून पाइनच्या फळीला साखळीने बडवतात, खिळ्याने भोकं पाडून कीड लागल्याचा देखावा करतात, वर रंग देतात आणि तोच रंग पुन्हा खरवडतात. मग ती फळी दिवाणखान्याच्या भिंतीवर. मीही सुरुवातीला यथेच्छ हसलो. आमच्याकडे वस्तू जुनी करायला ती फक्त वापरावी लागते, हा माझा ठरलेला विनोद होता.

नंतर स्वतः करून पाहिलं आणि हसू आवरलं. खाली गडद तपकिरी हात द्यायचा, वाळला की कडांवर मेणबत्ती घासायची, वर पांढरा हात. मेणावर रंग धरत नाही, त्यामुळे पॉलिश पेपर फिरवला की तेवढाच निघतो. तडे हवे असतील तर दोन हातांच्या मध्ये फेविकॉलसारखा पांढरा गोंद लावायचा आणि तो चिकट असतानाच वरचा रंग द्यायचा. रंग वाळताना आकसतो, गोंदावरून सरकतो आणि फाटतो. सगळ्यात भारी म्हणजे व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवलेलं स्टील वूल. त्या पाण्याने ओकचं लाकूड बघता बघता काळवंडतं. पाइनमध्ये टॅनिन कमी, म्हणून त्याला आधी कडक चहाचा हात द्यावा लागतो. (बिनदुधाचा, अर्थात!)

तर माझं भांडण या फळीशी नाही. भांडण आहे तुमच्याशी.

हल्ली देशातून जे फोटो येतात त्यात फळी नवी नसते. गावाकडच्या घराचं दार उतरवून फ्लॅटच्या बाल्कनीत आणलेलं असतं आणि 'डिस्ट्रेस्ड लुक' यावा म्हणून त्याला पॉलिश पेपर मारणं चालू असतं. अहो, ते दार कडीपाशी झिजलंय, कारण तिथे हात लागत होते. खालून फुगलंय, कारण पावसाचे शिंतोडे उडत होते. झिजलेला भाग बघून यंत्र कसं चाललं हे सांगणं हे आम्हा इंजिनियरांचं काम. चारही कोपरे सारखे झिजलेलं दार मी अजून पाहिलेलं नाही, आणि तुम्ही खऱ्या दाराचं नेमकं तेच करताय.

हे पटलं नाही तरी चालेल. पण शिशाचं काय?

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं सर्रास असायचं. पिवळ्या-हिरव्या रंगात लेड क्रोमेट, प्रायमरमध्ये शेंदूर, म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी घातली. त्याआधीच्या घरांतला रंग खरवडणाऱ्या कंत्राटदाराला २०१० पासून रीतसर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. (इथेही जुन्या बाजारातली खिडकी आणून कोरडी घासणारे महाभाग आहेतच.) भारतात ९० पीपीएमच्या मर्यादेचा नियम २०१६ चा, आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ मध्ये. आता तुमच्या दारावरचे थर मोजा आणि त्यातले किती त्यानंतरचे आहेत ते सांगा.

हे सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं, "तोंडाला रुमाल बांधलाय ना!" रुमालातून ती बारीक धूळ आरामात जाते. शिवाय ती बाल्कनीत थांबत नाही. फरशीवर बसते, त्याच फरशीवर मूल रांगतं आणि बोटं तोंडात घालतं. मुलाच्या रक्तात अमुक इतकं शिसं चालेल अशी कुठलीही पातळी डॉक्टर सांगू शकत नाहीत, आणि मेंदूचं झालेलं नुकसान भरून निघत नाही. हे सगळं कशासाठी, तर भिंत 'अँटिक' दिसावी म्हणून!

दार लावायचंच असेल तर ओल्या फडक्याने पुसा, रंग घट्ट असेल तर वर पारदर्शक व्हार्निशचा हात द्या आणि तसंच टांगा. पोपडे निघत असतील तर आधी प्रयोगशाळेतून रंग तपासून घ्या. खरवडायची हौस असेल तर सुताराकडून उरलेली कोरी फळी आणा, कृती वर दिलीच आहे.

आणि ज्यांनी आधीच घासलंय त्यांनी आज झाडू फिरवू नका. फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसा, फडकं धुवून परत वापरू नका, पिशवीत बांधून टाकून द्या.